इंटेक पाइप: ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि गोव्यातला उन्हाळा

६ एप्रिल

फोंड्याहून पणजीला जाऊन आलो आणि गाडी तशीच गॅरेजात घातली. मेस्त्रींनी बोनेट उघडलं, फिल्टरमधून इंजिनाला हवा नेणाऱ्या चकचकीत पाइपावर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "टोपात हवा शिजवून इंजिनाला वाढताय तुम्ही," ते म्हणाले. तक्रार माझीच होती. पर्वरीच्या कोंडीत दहा-पंधरा मिनिटं अडकलं की पुढे मोकळा रस्ता मिळाला तरी गाडी ओढत नाही, पिकअप मेल्यासारखं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा ठीक.

गाडी पेट्रोलवरची, १.२ लिटर, नऊ वर्षांची. दिवाळीत मी मूळचा काळा प्लॅस्टिकचा फिल्टरचा डबा आणि पाइप काढून टाकला होता. त्या जागी आतून ६० मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा, अर्धा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला. दिसायला सुंदर, आवाजही भरदार.

मेस्त्रींचं म्हणणं साधं आहे: धातूतून उष्णता धावते, प्लॅस्टिकमधून धावत नाही, म्हणून पाइप प्लॅस्टिकचा हवा. गेली अठरा वर्षं मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलर आणि हीट एक्स्चेंजर सांभाळतो. त्यांचं वाक्य चूक म्हणवत नव्हतं आणि पूर्ण पटतही नव्हतं. तीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाला अंदाजाने उत्तर देऊ नये. मोजू या, असं ठरलं. पुतणी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तीही येते म्हणाली.

९ एप्रिल

आधी कागदावर.

शुद्ध ॲल्युमिनियमची औष्णिक वाहकता सुमारे २३७ वॅट प्रति मीटर केल्विन, मिश्रधातूंची साधारण १५० ते २००. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची ०.३ च्या आसपास. म्हणजे सहाशे पटींच्या घरातला फरक. एवढ्यावरच थांबलं तर मेस्त्री जिंकले.

पण बोनेटखालच्या गरम हवेतली उष्णता पाइपातल्या हवेत पोचायला तीन नाकी ओलांडते. पहिलं नाकं पाइपाच्या बाहेर चिकटलेल्या हवेच्या थराचं, दुसरं भिंतीचं, तिसरं आतल्या हवेच्या थराचं. प्रत्येक नाक्यावरचा रोध काढून बेरीज करायची. हे मी रोज एक्स्चेंजरच्या नळ्यांसाठी करतो, गाडीसाठी आज पहिल्यांदा केलं.

महामार्गावर निवांत चालताना इंजिन सेकंदाला साधारण १० ग्रॅम हवा घेतं असं धरलं. ६० मिलिमीटरच्या नळीत वेग येतो सेकंदाला ३ मीटरच्या थोडा वर, रेनॉल्ड्स अंक ११ हजारांच्या आसपास. म्हणजे प्रवाह खळबळता. त्यावरून आतल्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक निघतो साधारण १५.६ वॅट प्रति चौरस मीटर केल्विन. बाहेरच्या बाजूचा १० धरला.

बाहेरच्या थराचा रोध ०.१. आतल्या थराचा ०.०६४. २ मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या भिंतीचा ०.००००१. ३ मिलिमीटर प्लॅस्टिकच्या भिंतीचा ०.०१. बेरीज ॲल्युमिनियमची ०.१६४, प्लॅस्टिकची ०.१७४.

बोनेटखाली ७५ अंश आणि आत शिरणारी हवा ३३ अंश धरली, तर ॲल्युमिनियमच्या अर्ध्या मीटरमध्ये हवा २.३ अंशांनी तापते आणि प्लॅस्टिकच्या अर्ध्या मीटरमध्ये २.२ अंशांनी.

फरक ०.१ अंश. आकडे तीनदा तपासले. वाहकतेतला सहाशे पटींचा फरक हवेच्या दोन पातळ थरांनी गिळून टाकला. भिंत पातळ आहे आणि दोन्हीकडे हवा आहे. दोन्हीकडे हवा असली की भिंतीला फारसं काही बोलायला उरत नाही. टोपाची गोष्ट वेगळी, कारण टोपात आत पाणी असतं आणि खाली ज्वाळा.

१३ एप्रिल

कागदावर मेस्त्रींचा विश्वास नाही, आणि नसावाच. म्हणून खोकं.

प्लायवूडचं खोकं, ६० सेंटिमीटर लांब. आत १०० वॅटचे चार जुने पिवळे बल्ब आणि हवा ढवळायला संगणकातला एक छोटा पंखा. पाइप खोक्यातून आरपार. एका टोकाला ब्लोअर, दुसरं टोक मोकळं. हवा किती जाते ते मोजायला महागडं उपकरण नाही, म्हणून मोठी प्लॅस्टिकची पिशवी घेतली. फुगवून, मापून तिचं आकारमान काढलं: २०० लिटर. ती २२ सेकंदांत भरते तिथे ब्लोअरचं झाकण पक्कं केलं. सेकंदाला ९ लिटर, म्हणजे १० ग्रॅमच्या किंचित वर. हवं होतं तेवढंच.

तापमानाला डीएस१८बी२० जातीचे तीन सेन्सर. यांची खात्रीची अचूकता अर्ध्या अंशाची, आणि मला शोधायचा आहे त्याहून लहान फरक. त्यामुळे तिन्ही एकत्र दोऱ्याने बांधून आधी बर्फाच्या पाण्यात, मग कोमट पाण्यात बुडवले. बर्फात एक ०.२ दाखवतो, दुसरा उणे ०.१, तिसरा ०.४. ते फरक वहीत लिहून पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करणार.

एक सेन्सर मधूनच ८५ दाखवू लागला. पुतणी घाबरली, पाइप पेटणार की काय म्हणून. ८५ हा या चिपचा वीज मिळाल्याबरोबरचा आकडा आहे, खरं मोजमाप सुरू होण्याआधीचा. याचा अर्थ कुठेतरी तार सैल होऊन सेन्सर पुन्हा पुन्हा चालू होत होता. नेमका ८५ दिसला की तापमान नाही, जोडणी तपासायची. तार पुन्हा डाग दिली.

१४ एप्रिल

मेस्त्रींच्या बोटाबद्दल.

माळ्यावरून मूळचा प्लॅस्टिकचा पाइप काढला आणि दोन्ही पाइप ब्लोअर बंद ठेवून खोक्यात तासभर तापवले. चिकटपट्टीने लावलेल्या थर्मोकपलने ॲल्युमिनियम ६१ आणि प्लॅस्टिक ६० दाखवलं. मग मेस्त्रींना दोन्हींवर बोट ठेवायला सांगितलं. ॲल्युमिनियमवरून बोट लगेच उडालं, प्लॅस्टिकवर तीन-चार सेकंद टिकलं.

बोटाला तापमान कळत नाही, बोटात किती वेगाने उष्णता शिरते ते कळतं. डिसेंबरच्या पहाटे शहाबादी फरशी पायाला थंड लागते आणि शेजारचा लाकडी पाट लागत नाही, तापमान दोन्हींचं तेच असतं. मेस्त्री बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हात लावून सांगायचं नाही." मला त्यांच्या या वाक्याचा फार आदर वाटला.

फसवणारी दुसरी वस्तू म्हणजे इन्फ्रारेड बंदूक. चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली तर ६१ च्या जागी ४१ दाखवते. चमकता पृष्ठभाग स्वतः फार कमी प्रारण सोडतो, बंदुकीला आजूबाजूचं प्रतिबिंबच दिसतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर बंदूक धरली की बरोबर येतं.

"धातू उष्णता धरून ठेवतो" हेही तपासलं. माझ्या ॲल्युमिनियमच्या पाइपाचं वजन अर्धा किलो, विशिष्ट उष्णता ९०० ज्यूल प्रति किलो केल्विन: एक अंश चढायला साधारण ४६० ज्यूल. प्लॅस्टिकचा पाइप हलका, पण भिंत ३ मिलिमीटर आणि विशिष्ट उष्णता दीडपटीहून जास्त: ५५० च्या पुढे. उष्णता जास्त धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा निघाला.

२० एप्रिल

आज खोक्याचा खरा निकाल. अपेक्षा होती दोन्ही सारखेच येतील अशी.

नाही आले. खोकं ७० अंशांवर, आत येणारी हवा ३२. ॲल्युमिनियममधून हवा २.४ अंशांनी तापून बाहेर पडली. प्लॅस्टिकमधून ४.१ अंशांनी.

प्लॅस्टिक वाईट ठरलं. पुतणीने सेन्सरांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं, तेच. ब्लोअरचा प्रवाह पिशवीने पुन्हा तपासला, तोच. संध्याकाळपर्यंत डोकं चाललं नाही. चहा घेताना खोक्याचं झाकण उघडं होतं, बल्ब चालू होते आणि त्यांची धग गालावर येत होती. तेव्हा लक्षात आलं. माझ्या कागदात वहन होतं, अभिसरण होतं, प्रारण कुठेच नव्हतं.

बल्ब प्लॅस्टिकच्या काळ्या पाइपाकडे सरळ बघत होते. काळं प्लॅस्टिक अंगावर आलेल्या प्रारणातलं ९० टक्क्यांच्या आसपास पिऊन टाकतं. घासून चमकवलेलं ॲल्युमिनियम बहुतेक सगळं परत फेकतं.

२१ एप्रिल

बल्ब आणि पाइप यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावला. ॲल्युमिनियम २.१, प्लॅस्टिक २.५. अंतर कमी झालं, पण प्लॅस्टिक अजून मागेच. खोक्याच्या तापलेल्या भिंतीही प्रारण सोडतात आणि काळा पाइप ते घेतो, हे त्याचं कारण.

मग ॲल्युमिनियमच्या पाइपाला बाहेरून उष्णतेला टिकणारा काळा रंग मारला. वाळू दिला, पुन्हा मोजलं: २.७.

हा आकडा मला हवा होता. दोन्ही काळे, दोन्हींना आडोसा, सगळं सारखं. उरला फक्त भिंतीच्या वाहकतेचा फरक. तो ०.२ अंश. प्रत्येक मोजणी दहा वेळा करून सरासरी घेतली आहे, तरी ०.२ हे माझ्या सेन्सरांच्या ताकदीच्या काठावरचं आहे. रंगाने मात्र ०.६ चा फरक पडला, तो निःसंशय. एकाच पाइपाचं फक्त बाहेरचं रूप बदललं तर पाइपाचं द्रव्य बदलण्यापेक्षा तिप्पट फरक पडतो.

हौसेने पाइप काळे करून घेणारी बरीच मुलं गॅरेजात येतात. इंजिनातला जळलेला वायू सायलेन्सरकडे नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डसमोरून जाणारा पाइप काळा करू नये, एवढं मेस्त्री आजपासून त्यांना सांगणार आहेत. ते मॅनिफोल्ड ४०० अंशांना पोचलं तर त्याच्या दर चौरस मीटरमधून दहा किलोवॅटच्या आसपास प्रारण बाहेर पडतं. मध्ये एक साधा चमकता पत्रा असला तरी पुष्कळ.

२७ एप्रिल

पुतणीची सूचना: भिंत काही करत नाही, तर भिंतीवर काहीतरी गुंडाळू. घरात काथ्या होता, आजीच्या वेळच्या गादीतला. काथ्याची वाहकता ०.०४ ते ०.०५, कारण त्यात अर्ध्याहून जास्त अडकलेली हवाच असते. एक सेंटिमीटर थराचा रोध येतो ०.२२. आपल्या तिन्ही नाक्यांची बेरीज ०.१६४ होती. म्हणजे हे चौथं नाकं पहिल्या तिन्हींपेक्षा कडक.

गुंडाळून मोजलं. १.० अंश. २.७ वरून १.० वर. कागदही तेवढंच सांगत होता, आणि दोन्ही जुळले तेव्हा पुतणीने टाळी मागितली.

हे फक्त खोक्यात. काथ्या पेट घेतो, बोनेटखाली पेट्रोलची वाफ आणि तापलेला सायलेन्सर असतो. गाडीत असं कोणीही करू नये. गाडीसाठी काचतंतूंची, वरून चमकत्या पटलाची गुंडाळी मिळते, ती मागवली आहे.

४ मे

गाडीवरची पहिली खरी धाव. तीन मांडण्या, एकच रस्ता, तीन रविवारांऐवजी एकाच दिवसात, म्हणजे हवामान फार बदलायला नको. फोंडा, बाणस्तारी, जुने गोवे, मग मांडवी नदीवरच्या अटल सेतूवरून पलीकडे पर्वरी. सेतूवर ताशी ६० चा स्थिर वेग ठेवता येतो, आणि पलीकडे उतरलं की कोंडी हमखास. मला दोन्ही हवं होतं. थर्मोकपलचं टोक पाइपाच्या मधोमध, भिंतीला न टेकता, थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) अलीकडे. बाहेरची हवा ३३.

पहिली मांडणी, सगळं कंपनीचं. डबा, प्लॅस्टिकचा पाइप, आणि रेडिएटरच्या जाळीमागून हवा घेणारी सोंड. सेतूवर ३६. कोंडीत बारा मिनिटांनी ४७.

दुसरी, माझी दिवाळीची: ॲल्युमिनियमचा पाइप (रंग खरवडून पुन्हा चकचकीत केलेला) आणि बोनेटखाली उघडा फिल्टर. सेतूवर ४४. कोंडीत ६२.

दोनच मांडण्या केल्या असत्या तर मेस्त्रींचंच खरं ठरलं असतं, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. म्हणून तिसरी. ॲल्युमिनियमचा पाइप तसाच ठेवला, फक्त उघडा फिल्टर काढून कंपनीचा डबा आणि सोंड परत लावली. जोडाला सिलिकॉनची होज, दोन जुबली क्लिपा. सेतूवर ३७. कोंडीत ४९.

६२ आणि ४९. पाइप तोच, धातू तोच. बदललं फक्त तोंड, हवा कुठून घेतली ते. उघडा फिल्टर रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली हवा खात होता. ती पाइपात शिरण्याआधीच तापलेली होती, पाइप बिचारा तिला काय करणार. ॲल्युमिनियमचा स्वतःचा वाटा एक-दोन अंशांचा आहे, तोंडाचा तेरा अंशांचा.

मेस्त्री शेजारच्या सीटवर वही धरून होते. तिसऱ्या मांडणीचा आकडा त्यांनीच लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

५ मे

कालच्या अंशांचा अर्थ. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३६ वरून ४४ म्हणजे ३०९ वरून ३१७ केल्विन, अडीच टक्के हवा कमी. ४७ वरून ६२ म्हणजे साडेचार टक्के कमी. एवढ्याने पिकअप मेल्यासारखं वाटायला नको. दुसरी गोष्ट अशी की गरम हवेत पेट्रोल वेळेआधी भडकण्याचा धोका वाढतो, इंजिन ठोके देऊ लागतं, म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. ताकद जाते ती जास्त करून तिथे. इंटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे पाइपातली हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागातला, सेन्सर तेव्हा स्कॅनरवर ७१ दाखवत होता.

हा सेन्सरही काही वेळा स्वतःच तापलेला असतो. इंजिन वीस मिनिटं बंद ठेवून चालू केलं तर तो ६८ सांगतो आणि दोन मिनिटं चाललं की ५० वर येतो. एवढ्या वेळात त्याचं स्वतःचं अंग निवालं, हवा आधीपासूनच गार होती. संगणकाला हा फरक कळत नाही.

गोव्यापुरतं एक. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना हवेच्या दाबातला साडेतीन टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा असतो, म्हणजे तेवढी कोरडी हवा कमी. पाइप बदलून जे मिळवायला आपण धडपडतो त्याहून जास्त इथला समुद्र मे महिन्यात घेऊन जातो. त्यावर उपाय नाही. निदान जे आपल्या हातात आहे ते नीट मोजावं.

११ मे

मेस्त्रींचा प्रश्न: मग कंपन्यांनी ॲल्युमिनियमचं इंटेक मॅनिफोल्ड सोडून नायलॉनचं का केलं? त्या काय वेड्या आहेत?

नाहीत. हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाइप हवेत लोंबकळतो. मॅनिफोल्ड मात्र ९० अंशांच्या सिलिंडर हेडला बोल्टने आवळलेलं असतं. तिथे उष्णतेला पहिलं नाकंच लागत नाही. ती हवेतून भिंतीत शिरत नाही, धातूतून धातूत शिरते आणि भिंतीच्या लांबीने चालत जाते. पाइपात तिची वाट भिंतीच्या आरपार २-३ मिलिमीटरची होती. मॅनिफोल्डमध्ये वाट भिंतीतून उभी, हातभर. आडव्या वाटेवर वाहकता बिनकामाची होती, उभ्या वाटेवर तीच सगळं ठरवते.

किती लांब चालत जाते त्याचं गणित कूलिंग फिनचं आहे. ४ मिलिमीटर जाडीच्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये हेडपासून साधारण १४ सेंटिमीटरवर हवेशी असलेला तापमानातला फरक ३७ टक्क्यांवर उतरतो. ३ मिलिमीटर नायलॉनमध्ये हेच अंतर साडेपाच मिलिमीटर. ॲल्युमिनियमचं अख्खं मॅनिफोल्ड हेडचाच भाग होऊन तापतं. नायलॉनचं फक्त हेडला टेकणाऱ्या ओठापाशी.

पुतणीने स्वयंपाकघरात करून दाखवलं. २० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, एक ॲल्युमिनियमची, एक प्लॅस्टिकची. दोन्हींवर दर दोन सेंटिमीटरला मेणबत्तीच्या मेणाने चिकटवलेल्या काड्यापेटीच्या दहा-दहा काड्या. पातेल्यात उकळतं पाणी, वर फळीचं झाकण, फटीतून पट्ट्यांची टोकं पाण्यात. ॲल्युमिनियमवरच्या काड्या खालून वर एकेक करून पडत गेल्या, पंधरा मिनिटांच्या आत दहाच्या दहा. प्लॅस्टिकवर सर्वांत खालची काडी थोडी कलली, बाकी नऊ जिथल्या तिथे. मेस्त्रींच्या नातीने ते आमच्याकडून दोनदा करून घेतलं.

नायलॉनकडे वळण्याचं हे एकच कारण नाही. वजन जवळपास निम्मं होतं, आतला पृष्ठभाग गुळगुळीत येतो, स्वस्त पडतं. १९९० च्या दशकात हा बदल पसरला. सुरुवातीला कथील आणि बिस्मथच्या, कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा गाभा साच्यात ठेवून त्याभोवती नायलॉन ओतायचे आणि नंतर गाभा वितळवून काढायचे. पुढे दोन अर्ध्या वाट्या वेगळ्या ओतून कंपनाच्या घर्षणाने जोडणं सोपं पडू लागलं. नायलॉन ६६ साधारण २६० अंशांना वितळतं, म्हणून ते इंजिनाशेजारी टिकतं. त्याची एक खोड मात्र आहे: ते पाणी पितं. काचतंतू नसलेलं नायलॉन पूर्ण भिजलं तर वजन ८ टक्क्यांपर्यंत वाढतं आणि ते थोडं मऊ पडतं. गोव्यात हे लक्षात ठेवायला हवं.

१८ मे

मेस्त्रींच्या स्वतःच्या जुन्या व्हॅनला ॲल्युमिनियमचं मॅनिफोल्ड आहे. तिच्यावर ६ मिलिमीटर बेकलाइटची चकती कापून हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये घातली, दोन्हीकडे नवीन गॅस्केट. बेकलाइटची वाहकता ०.२ च्या आसपास. मॅनिफोल्डवर ओठापासून ८ सेंटिमीटरवर आधी ७८ होतं, आता ७०.

माझी अपेक्षा जास्त होती. घरी आल्यावर बोल्टांचं गणित केलं आणि कोडं सुटलं. ८० चौरस सेंटिमीटरची बेकलाइटची चकती दर अंशाला ०.२७ वॅट जाऊ देते. तिच्यातून आरपार गेलेले चार लोखंडी बोल्ट मिळून ०.३३ वॅट. दार लावलं आणि शेजारी तेवढीच मोठी खिडकी उघडी ठेवली.

२० मे

बोल्ट स्टेनलेसचे घातले (वाहकता लोखंडाच्या एक-तृतीयांश), डोक्याखाली बेकलाइटचे वॉशर. ६६ अंश. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून आट्यांना ग्रीस भरपूर. सहा महिन्यांनी एक बोल्ट काढून बघायचा आहे. वॉशर उष्णतेने बसले तर आवळ सैल पडेल, तोही तपासत राहायचा.

२२ मे

डबा आणि ॲल्युमिनियमचा पाइप यांच्यामधला जोड पुतणीने कॉलेजात त्रिमितीय प्रिंटरवर काढला, पीएलए प्लॅस्टिकचा. फर्मागुडीच्या पठारावर दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि गाडीत बसवण्याआधीच लंबगोल झाला. पीएलए साठ अंशांना मऊ पडतं. ती खूप हिरमुसली. दुसरा एबीएसचा काढायचा, ते शंभरच्या आसपासपर्यंत टिकतं.

१ जून

दोन दिवस पूर्वेकडून ढग येतायत. आज एक तरुण गॅरेजात आला, त्याला आमच्या आकड्यांबद्दल मेस्त्रींनी सांगितलं होतं. तो म्हणाला, तोंडच महत्त्वाचं ना, मग मी ते खाली बंपरमागे नेतो, तिथे सर्वांत गार हवा असते.

गार असते हे खरं. पण आपल्याकडे पावसाळा येतोय. सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि ते तोंड बुडालं, तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, समोर पाणी असतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मेस्त्रींनी त्याला कोपऱ्यात पडलेला असा एक वाकलेला रॉड हातात दिला. कंपनीची सोंड बोनेटच्या काठाजवळ, उंचावर असते ती याचसाठी. दोन अंश गार हवेसाठी इंजिन पणाला लावू नये. हे त्याला मी थोडं चढ्या आवाजात सांगितलं, पण मला ते तितकंच कळकळीने वाटतं.

८ जून

काल रात्रीपासून धो धो. गाडीत आता कंपनीचा डबा, कंपनीची सोंड आणि माझा ॲल्युमिनियमचा पाइप, सायलेन्सरकडच्या बाजूला चमकत्या काचतंतूंच्या गुंडाळीत. एबीएसचा जोड घट्ट बसला आहे. पाइप ठेवला, कारण तो निर्दोष आहे हे आता मोजून माहीत आहे, आणि मला तो आवडतो.

सकाळी मेस्त्री आणि पुतणीसह तोच रस्ता. बाहेर २६. सेतूवर पावसाच्या सरीत २८. पर्वरीला नेहमीसारखं अडकलो, चौदा मिनिटं: ३७. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मेस्त्रींनी मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला आणि गाडी लगेच उचलली. वहीत आकडा पुतणीने लिहिला. बोनेटवरून वाफ निघत होती, सोंडेचं तोंड कोरडं होतं, ते उतरून बघितलं.